मन्ही चिमनी काबर जागी

कुंदाच्या मुलीचं बारसं झालं तेव्हा सगळ्यांनी पाळणे म्हटले. सासूने म्हटला, नणदेने म्हटला, शेजारच्या सुनंदाबाईंनी तर नाकातून का होईना, पण अख्खा म्हटला. म्हटला नाही तो फक्त कुंदाच्या मायने, द्रौपदाबाईने. "आता आजीबाईंचा होऊ द्या," असं कोणीतरी म्हणालं आणि द्रौपदाबाई घुगऱ्यांचं पातेलं उतरवायला म्हणून उठली, ती पुन्हा पाळण्याकडे फिरकलीच नाही. बाळाचं नाव मंजिरी ठेवलं, तेही तिच्या पचनी पडलं नव्हतं. भुसावळच्या गाडीत बसताना म्हणाली, "इतकं चांगलं नाव कशाले ठेवं वं, भिकू?"

भिकू हे कुंदाचं माहेरचं नाव. लग्नात अभिमनने तांदळाच्या ताटात अंगठीने 'कुंदा' लिहिलं, तेव्हा ती मनातल्या मनात सुटले म्हणाली होती. भिकू नाव का ठेवतात, हे खानदेशात कोणाला समजावून सांगावं लागत नाही. तिच्याआधीची दोन पोरं वर्षाच्या आतच गेली होती. म्हणून ही जन्मली तेव्हा तिला सुपात घालून उकिरड्यावर ठेवली, समोरच्या शेवंताबाईने उचलली आणि मग द्रौपदाबाईने सूपभर कोंडा देऊन ती तिच्याकडून विकत घेतली. कोंड्याच्या मोलाची, मागून आणलेली पोर. तिच्यावर कोणाची नजर जाणार? शाळेत हजेरी घेताना मास्तर "भिकुबाई सुकदेव" म्हणायचे आणि मागच्या बाकावरून एखादी हमखास "वाढ गं माय" करायची.

नावाचं एक वेळ ठीक. पण माय तिच्यासाठी कधी गायली नाही, हे कुंदाच्या काळजात कुसळासारखं रुतून बसलं होतं. मायला गळा नव्हता असं म्हणावं, तर तसंही नव्हतं. मायचा गळा अख्ख्या रेल्वे लाइनीला, रेल्वेवाल्यांच्या सगळ्या वस्तीला माहीत होता. फक्त तो घरात उघडायचा नाही. तो उघडायचा वॉकर साहेबाच्या बंगल्यात.

वॉकर साहेब मेलगाडीचा ड्रायव्हर. गोरा म्हणावा तर पुरता गोरा नाही, पण बोलणं इंग्रजी आणि घरात काटे-चमचे. त्याची मेमसाहेब सदा आजारी, म्हणून पोरीला सांभाळायला द्रौपदाबाई आया म्हणून लागली. पोरीचं नाव ग्लेंडा. द्रौपदाबाईच्या जिभेला ते काही पेललं नाही. तिने आपलं गेंदा करून टाकलं आणि लाडात आली की गेंदी. ग्लेंडा भिकूपेक्षा वर्षभराने मोठी. माय कामाला जायची तेव्हा भिकूला बरोबर न्यायची. पण बंगल्याच्या मागच्या पायरीपर्यंतच. पायरीच्या पुढे जाळीचं दार. दाराच्या आत झोपाळा, झोपाळ्यावर माय, आणि मायच्या मांडीवर ती भुऱ्या केसांची पोर. भिकू पायरीवर बसून मुंग्यांच्या रांगेत काडी घालायची आणि आतून मायचा आवाज यायचा, सगळं निजलं तरी माझी चिमणी का जागी, असं विचारणारा:

ऊन निजनं, पानी निजनं,
केळीनं पान निजनं,
मन्ही चिमनी काबर जागी?

ग्लेंडा सात वर्षांची झाली आणि वॉकर मंडळी बोटीने विलायतेला निघून गेली. स्टेशनात माय इतकी रडली की पोर्टरांनीही तोंड फिरवलं. भिकू रडली नाही. तिला वाटलं, चला, मांडी मोकळी झाली. पण मांडी मोकळी झाली तरी गाणं काही घरी आलं नाही. माय रेल्वेच्या दवाखान्यात आया म्हणून लागली आणि मुकी झाल्यासारखी गाणंच विसरली.

पुढे ग्लेंडाच्या बातम्या यायला लागल्या. लाइनीत एक म्हातारे गार्डसाहेब उरले होते, त्यांना नाताळात विलायतेहून टपाल यायचं आणि त्यातलं ते मोठ्या कौतुकाने सगळ्यांना वाचून दाखवायचे. पोर हॉटेलात गाते म्हणे. कुंदा तेव्हा मॅट्रिकला बसली होती. मग आलं, पोर मोठ्या गाणाऱ्यांच्या मागे उभी राहून कोरस गाते. त्या वर्षी कुंदाचं लग्न होऊन ती धुळ्याला आली, सासरच्या चार बायकांच्या मागे उभी राहून पापड लाटायला लागली आणि तिला मनातून जरा बरंच वाटलं; चला, तीही मागेच उभी आहे. पण ग्लेंडा मागे राहणारी नव्हती. ती स्वतः गाणी लिहायला लागली. आधी ती गाणी दुसऱ्यांनी गायली, मग एक तिने स्वतःच गायलं आणि ते तिकडे पहिल्या नंबरावर जाऊन बसलं. मग रेकॉर्ड, मग दौरे, मग टीव्हीवर चमचमत्या कपड्यांत मुलाखत. एका मराठी पेपरच्या रविवारच्या पुरवणीत तिचा फोटोही आला, 'भुसावळची पोर विलायत गाजवते' म्हणून. अभिमनने तो कापून दुकानात चिकटवला. कुंदाने दुसऱ्या दिवशी त्याच कागदात मिरच्या बांधल्या.

"अगं, तुझ्या माहेरची आहे ना ती!" अभिमन म्हणाला.

"माहेर माझं आहे. ती भाड्याने होती."

अभिमनचं आग्रा रोडला रेडिओ आणि टेपच्या दुरुस्तीचं छोटंसं दुकान. ओळखीच्यांना तो कॅसेटीही उतरवून द्यायचा. मंजिरी सहा महिन्यांची असताना देवपुरातल्या एका डॉक्टरांच्या मुलाने त्याला एक नवीकोरी विलायती कॅसेट आणून दिली. एक कॉपी करून पाहिजे होती. ती ग्लेंडाची होती. दुकानात वीज गेली म्हणून अभिमन ती घरी घेऊन आला, जेवता जेवता लावली आणि दुसऱ्या बाजूचं पहिलंच गाणं सुरू झालं.

आधी नुसती गिटार. मग आवाज, जाडसर, थोडा घोगरा, झोपेतून उठल्यासारखा. शब्द इंग्रजी. कुंदा ताटात भाकरी कुस्करत होती, तिचा हात थांबला. चाल तिला कळली. चाल कळायला इंग्रजी कुठे लागतं? ऊन झोपलं, पाणी झोपलं, असंच काहीतरी ती बाई म्हणत होती, आणि कडव्याच्या शेवटी तिने इंग्रजी सोडून दिलं आणि सरळ म्हणाली, "काबर जागी, काबर जागी?"

"अरे वा! ही तर अहिराणी!" अभिमन हरखला.

कुंदाने खरकट्या हातानेच टेप बंद केला.

"अगं, पूर्ण तर ऐकू दे."

"पोर उठेल."

पोर जागीच होती. मंजिरीला दिवसा झोप म्हणून नव्हती. पाळणा हलवा, खांद्यावर घ्या, अंगणात फिरवा, ती आपली टकामका बघत राहायची आणि थकली की रडायची. सासू म्हणायची, "काहीतरी म्हण गं तिच्यापुढे. मुक्या बाईची पोर कशी झोपेल?" कुंदाला काही यायचंच नाही. शिनेमातली दोन-चार गाणी अर्धीमुर्धी यायची, पण पाळण्याशी ती नुसती दोरी ओढत राहायची. जे कधी आपल्या वाट्याला आलं नाही, ते पोरीला कुठून द्यायचं? आणि तिकडे ती! तिला मांडी मिळाली, गाणं मिळालं, गळाही मिळाला. आता ते गाणं ती सगळ्या जगाला विकत होती आणि जग टाळ्या वाजवत होतं. कुंदा अशी काही जळफळली की दूध आटेल की काय, अशी तिलाच भीती वाटली.

दुसऱ्या दिवशी दुपारी सासू सप्त्याच्या कीर्तनाला गेली होती. कॅसेट अजून टेपातच होती. रेडिओ-टेपवाल्याच्या बायकोला शिकवावं लागत नाही. विकतच्या कॅसेटीवर रेकॉर्डिंग होऊ नये म्हणून मागचा छोटा तुकडा मोडून खाच केलेली असते आणि त्या खाचेवर चिकटपट्टी लावली की ती पुसायला मोकळी. कुंदाने पट्टी लावली. गाणं सुरुवातीला आणलं. तिच्या मनाशी पक्कं होतं: हिच्या आवाजावर आपला आवाज चढवायचा. ज्याचं गाणं त्याने गावं. भिकुबाई सुकदेव गाणार. तिने रेकॉर्डिंगची दोन्ही बटणं एकदम दाबली, टेपासमोर मांडी घालून बसली आणि तोंड उघडलं.

आवाज फुटला नाही. 'ऊन'सुद्धा नाही. चाकं फिरत होती आणि ती नुसती आ वासून बसली होती. तेवढ्यात मंजिरीने भोकाड पसरलं, चुलीकडे कुकरची शिट्टी झाली, बाहेर कोणीतरी "केळी घ्या, केळी" ओरडत गेलं, आणि कुंदाने पदर तोंडात कोंबून रडायला सुरुवात केली. बटण बंद करायचं भानच राहिलं नाही. भानावर आली तेव्हा गाणं बरंचसं पुसलं गेलं होतं.

संध्याकाळी अभिमनने कॅसेट लावून बघितली आणि कपाळाला हात लावला.

"हे काय गं? गिऱ्हाइकाला काय देऊ? कुकरच्या शिट्ट्या? 'कुंदाबाईंचा पहिला अल्बम, सोबत केळीवाला' असं लिहून देऊ का वर?"

एरवी ती हसली असती. आज तिला हसू आलं नाही. तिने त्याला सगळं सांगितलं. पायरी, जाळीचं दार, मांडी, सगळं. अभिमन बराच वेळ स्क्रू-ड्रायव्हरने नखं कोरत बसला.

"डॉक्टरांच्या पोराला मी दुसरी आणून देतो मुंबईहून. त्याचं सोड. पण तू मायला एकदा तरी विचारलंस का, का गायली नाहीस म्हणून?"

"विचारायचं काय त्यात? ती गोरी होती. मी कोंड्याची."

"विचार," अभिमन म्हणाला. "नाहीतर असंच पुसत बसशील."

शनिवारी ती मंजिरीला आणि अभिमनचा छोटा टेप घेऊन एसटीत बसली. पारोळा गेलं, एरंडोल गेलं, जळगाव आलं आणि गाडी बदलून ती भुसावळला उतरली, तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. एसटीत मंजिरी गाढ झोपली होती. माहेरच्या दारात पाय ठेवला तशी टक्क जागी.

द्रौपदाबाई दाराच्या आतल्या बाजूला बसून गहू निवडत होती. समोरच्या ओट्यावर शेवंताबाई. आता दात पडलेली, पण जीभ शाबूत. "आली का गं माझी कोंड्याची पोर? माझीच आहेस हो तू, तुझ्या मायने अजून पुरतं माप दिलेलं नाही!" हा विनोद ती गेली सत्तावीस वर्षं करत आली होती.

कुंदाने बाळाला मायच्या हातात दिलं, पाणीही न पिता टेप काढला आणि बटण दाबलं.

"ऐक. तुझ्या गेंदीचं गाणं."

टेपातून आधी मंजिरीचं रडणं आलं. मग कुकर. मग केळीवाला. द्रौपदाबाईने चमकून मांडीवरच्या पोरीकडे बघितलं, मग टेपाकडे. "माय वं! ही तर आपली मंजी!" ती खुदकन हसली. टेपात आणखी कोणीतरी मुसमुसत होतं. तिचं हसू हळूहळू विरलं. "आणि ही कोण रडी ऱ्हायनी?"

आणि तिथेच पुसलेला भाग संपला. खट्ट आवाज झाला आणि ग्लेंडा मध्येच कुठूनतरी गायला लागली. गाण्याचं शेवटचं कडवं उरलं होतं.

द्रौपदाबाईचा हात गव्हात तसाच राहिला. आवाज बाईचा होता, पण तिने तो ओळखला. "गेंदी शे," ती म्हणाली. "बघ, अजून तिथेच श्वास सोडते. कितीदा सांगितलं तिला, पोरी, पान निजल्यावर थांब."

कुंदाच्या अंगाची लाही झाली. म्हणजे शिकवलंही होतं! ती बोलायला गेली, पण तेवढ्यात गाण्यातला एक शब्द तिच्या कानाला अडकला. दार. मग पायरी. इंग्रजी सोपं होतं, शाळेतल्या धड्यासारखं. तिने कॅसेट मागे नेऊन पुन्हा लावली. पुन्हा मागे नेली.

"काय म्हनी ऱ्हायनी ती?" माय विचारत होती. "सांग ना वं."

कुंदाने सांगितलं. सांगताना तिचा आवाज तिलाच परका वाटला.

"म्हणते... आयाची मांडी माझी होती, पण आया माझ्याकडे बघायची नाही. ती दाराकडे बघून गायची. दाराबाहेर पायरीवर एक पोर बसलेली असायची, तिची स्वतःची. मी रडून बघितलं, तिची हनुवटी धरून ओढून बघितली, तरी तिची मान वळली नाही. म्हणते, त्या पायरीवरच्या पोरीचा मी अजून हेवा करते."

कुंदाने बटण दाबून टेप थांबवला. समोर शेवंताबाईने तंबाखू मळायची थांबवली होती.

द्रौपदाबाईने गव्हाचं ताट बाजूला सारलं. मग खाली बघून बोलायला लागली. कोणाशी बोलतेय ते कळू नये असं.

"तुझ्या आधी पोरगा झाला, आधार नावाचा. मग लता. दोघांना मी मांडीवर घेऊन गायले. सकाळ-संध्याकाळ, डोळ्यात डोळे घालून. लोक म्हणायचे, द्रौपदाची पोरं गाण्यावर वाढतात. दोघं गेली. मग लोकच म्हणायला लागले, हिच्या गाण्यालाच नजर आहे." तिने मंजिरीचं झबलं सरळ केलं. "तू झालीस तेव्हा शेवंताने तुला उचललं आणि मी मनात म्हटलं, ही माझी नाही, मी हिला गाणार नाही. नाव भिकारडं ठेवीन, लुगड्याच्या चिंध्या नेसवीन, पण ही राहू दे."

"मग तिला कसं गात होतीस?"

"ती कुठे माझी होती? तिला काय होणार होतं? तिचा बाप साहेब, तिचा देव वेगळा." द्रौपदाबाईने नाक पुसलं. "पण गाणं कोंडून ठेवलं ना, की दुधासारखं दुखतं. म्हणून मी तिला मांडीवर घ्यायचे आणि तुला ऐकू जाईल असं गायचे. पोरं नेणाऱ्या सटवाईला वाटावं, बाई त्या गोरीला गातेय. ते लाकडी दार मी उघडं ठेवायचे, नुसती जाळी लावून. मेमसाहेब किती ओरडायची त्यावरून! माश्या येतात, धूळ येते. मी म्हणायचे, गरम होतं मेमसाहेब."

"थंडीत पण उघडंच असायचं," कुंदा म्हणाली. तिला आठवलं. पौषात पायरी गार पडायची आणि ती फ्रॉक गुडघ्यावर ओढून बसायची. पण दार कधी मिटलेलं तिने बघितलं नव्हतं.

"असायचं."

"मी सांगितलं होतं हिला," शेवंताबाई ओट्यावरून म्हणाली. "पोर मोठी झाली, आता सांगून टाक. तर म्हणे, सांगितलं की नजर लागेल. म्हातारी झाली तरी डोकं काही आलं नाही जागेवर."

"तू गप वं, शेवंता."

"मी का गप? पोर कोणाची आहे?"

मंजिरी किरकिर करायला लागली. द्रौपदाबाईने तिला सवयीने मांडीवर आडवी घेतली, गुडघा हलवायला लागली. आणि मग बराच वेळ नुसता गुडघाच हलत राहिला. कुंदा उठली. काय करतेय हे तिचं तिलाही नीट कळलं नाही. ती दाराबाहेर गेली आणि पायरीवर बसली, घराकडे पाठ करून, लहानपणी बसायची तशी. पायरीवर मुंग्या होत्याच.

मागून आवाज आला. आधी गंजलेल्या बिजागरीसारखा कुरकुरला, मग सैल झाला.

ऊन निजनं, पानी निजनं...

कुंदाने वळून बघितलं. माय मांडीवरच्या पोरीकडे बघतच नव्हती. मान ताठ, नजर थेट दारावर, कुंदावर. आणि मंजिरीला ते मुळीच खपलं नव्हतं. तिने दोन्ही हातांनी आजीची हनुवटी पकडली होती आणि ती आपल्याकडे ओढत होती.

कुंदाला हसू फुटलं आणि डोळेही भरून आले. तिकडे विलायतेत कोण्या मोठ्या घरात एक बाई कुंदाच्या पायरीवर अजून जळत असेल, आणि इथे कुंदा इतकी वर्षं तिला मिळालेल्या मांडीवर जळत होती.

"माय, तिच्याकडे बघ ना. ती रागावलीय."

"माले हिंमत नही, भिकू." द्रौपदाबाईने पोरीची बोटं हनुवटीवरून सोडवली. "तिच्याकडे बघून नाही जमत मला. तू बघ. तू गा."

कुंदा आत आली. मायशेजारी मांडी घालून बसली आणि बाळाला घेतलं. मंजिरी तिच्या तोंडाकडे डोळे मोठे करून बघत होती. आता हनुवटी ओढायची गरज नव्हती. कुंदाने गळा साफ केला. पहिला शब्द चुकीच्या सुरात निघाला. ओट्यावर शेवंताबाई खोकली. कुंदाने पुन्हा 'ऊन'पासून सुरुवात केली. द्रौपदाबाई घाईघाईने उठली, चुलीजवळच्या डबीतून बोटावर काजळ घेऊन आली आणि गाणाऱ्या लेकीच्या मांडीवरच्या पोरीच्या गालावर चांगली रुपयाएवढी तीट लावली. मग बोटावर थोडं काजळ उरलं होतं, ते पुसायला जागा शोधल्यासारखी ती जरा थांबली आणि कुंदाच्या कानामागे लावून मोकळी झाली.

"पान निजल्यावर थांब," ती हळूच म्हणाली. "श्वास घे. मग चिमनी."